परतावा कुणाच्या खिशातून?

प्रति,
कोल्हापूर महानगरपालिकेचे सर्व सन्माननीय सदस्य
आणि मा. आयुक्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शुक्रवार पेठेतला एक घरफाळाधारक. पंचगंगा चढायला लागली की शहरात सगळ्यांच्या आधी आमच्या भागाला कळतं. चौतीस वर्षं एका पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं वसुलीला होतो. कर्ज घेताना समोर बसलेला माणूस आणि तेच कर्ज फेडताना दार उघडणारा माणूस यांच्यात किती फरक पडतो, हे मला पुस्तकात वाचावं लागलेलं नाही.

पत्राचं निमित्त तसं छोटं आहे. मागच्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये गुंतवणुकीची माहिती देणारा कार्यक्रम होता. श्रोते बहुतेक निवृत्त. चहा आणि बिस्किटं आधीच वाटून झाल्यामुळं कुणाला उठताही येईना. समोर एक चुणचुणीत पोरगा, पडद्यावर चित्रं: पवनचक्क्या, उड्डाणपूल, आणि नळाखाली ओंजळ धरून हसणारी एक मुलगी. "काका, पायाभूत सुविधांच्या या फंडात दुहेरी परतावा आहे. पैशाचाही आणि समाजाचाही," पोरगा म्हणाला. माझ्या शेजारी आमच्या पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं, "त्या पोरीच्या घरचं पाण्याचं बिल कोण भरणार?" पोरग्याला वाटलं, सर चित्राबद्दल बोलतायत. तो म्हणाला, "सर, ती फक्त मॉडेल आहे." हॉलमध्ये हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत, आणि घरी येईपर्यंत मलाही हसू आलं नाही.

कारण प्रश्न नेमका तोच आहे. महापालिकेनंही आता असा पैसा उभारावा, अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. सभागृह २०२० च्या नोव्हेंबरपासून पाच वर्षांहून जास्त काळ रिकामं होतं. आता तुम्ही बसलाय, म्हणजे असे विषय पटलावर येणार. ते येण्याआधी चार शब्द बोलून ठेवावेत म्हणून हा खटाटोप.

ही काय भानगड आहे ती आधी माझ्या भाषेत मांडतो. समजा लक्ष्मीपुरीत माझे दहा गाळे आहेत, सगळे भाड्यानं गेलेले. मला आणखी दहा बांधायचेत, पण हातात पैसा नाही. मी जुने गाळे एका ट्रस्टच्या नावावर करून देतो. ट्रस्ट शंभर जणांकडून पैसे गोळा करून मला देतो आणि इथून पुढं येणारं भाडं त्या शंभर जणांत वाटतो. गाळ्यांच्या जागी टोलचा रस्ता किंवा विजेची मोठी वाहिनी घाला, झाला इन्व्हिट, म्हणजे पायाभूत सुविधांचा गुंतवणूक ट्रस्ट. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं त्याचे नियम २०१४ मध्ये केले. सामान्य लोकांना खुल्या असलेल्या इन्व्हिटला किमान ८० टक्के पैसा बांधून झालेल्या आणि कमाई सुरू असलेल्या मालमत्तेतच ठेवावा लागतो, आणि वाटण्याजोग्या रोख रकमेतली ९० टक्के वाटावी लागते. देशातला पहिला नोंदणीकृत इन्व्हिट २०१७ च्या मे महिन्यात बाजारात आला, तो टोलच्या रस्त्यांचाच होता. तेव्हा अर्ज करायला किमान दहा लाख लागायचे, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांनी नुसतं लांबून बघायचं. २०२१ मध्ये ती अट दहा-पंधरा हजारांवर आली.

त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानंही स्वतःचा इन्व्हिट काढला. त्यातले पंचवीस-पंचवीस टक्के कॅनडातल्या दोन पेन्शन फंडांनी घेतले. त्यातला एक ओंटारिओ प्रांतातल्या शिक्षकांचा. म्हणजे तिकडच्या एखाद्या निवृत्त बाईंच्या पेन्शनीत आपल्या महामार्गावरचा टोल जातो, आणि आमच्या पेठेतले सर अजून ठेव कुठल्या बँकेत ठेवावी या विचारात आहेत. यात वावगं काही नाही. वीस-तीस वर्षं पेन्शन द्यायची असेल त्याला वीस-तीस वर्षं चालणारा धंदाच लागतो. पुढच्या वर्षी त्याच ट्रस्टनं सामान्य लोकांसाठी आठ टक्क्यांच्या आसपास व्याजाचे रोखे काढले तेव्हा अर्जांची झुंबड उडाली होती. लोकांकडं पैसा आहे आणि तो चांगल्या कामाला लावायची तयारीही आहे, हे माझं पतसंस्थेतलंच मत त्यानं पक्कं झालं.

पण इन्व्हिटला बांधलेली, कमावती वस्तू लागते. महापालिकेकडं तशी कुठली आहे? केएमटीची बससेवा कमावत नाही. पाणीपुरवठ्याचा ताळमेळ कसाबसा बसतो. ड्रेनेजमधून तर कधीच कुणी कमावलेलं नाही. तेव्हा तो पाहुणा आपल्या दारात येणार नाही, हे धरून चाला. आपल्या दारात येतील ते महापालिकेचे कर्जरोखे किंवा खासगी कंपनीशी भागीदारीचा एखादा फंड. भागीदारी म्हटलं की कोल्हापूरकराच्या कपाळावर आठी पडते, तिचं कारण तुमच्यातल्या निम्म्या जणांनी स्वतः रस्त्यावर उतरून पाहिलंय.

टोल. शहरातले ४९.४९ किलोमीटर रस्ते, खासगी कंपनीशी तीस वर्षांचा करार, सव्वादोनशे कोटींच्या आसपासचा खर्च, आणि शहरात शिरणाऱ्या वाटांवर नाके. एन. डी. पाटील सर वयाची ऐंशी ओलांडल्यावर उन्हात उभे राहिले. गोविंदराव पानसरे होते, तालमी होत्या, बायाबापड्या होत्या. 'टोल देणार न्हाई' ही घोषणा लहान पोरांच्या खेळात शिरली होती. २०१४ च्या जानेवारीत नाके जळाले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं आणि कंपनीची भरपाई चारशे कोटींच्या वर गेली. ती भरली सरकारनं, म्हणजे कर भरणाऱ्या सगळ्यांनी.

मी या लढ्यात होतो आणि मला त्याचा अभिमान आहे. पण एक कबुली दिली पाहिजे. करार झाला तेव्हा मी तो वाचला नव्हता, आमच्या तालमीत कुणी वाचला नव्हता. नाक्याचे खांब उभे राहिल्यावर आम्ही विचारायला लागलो, की हे काय? वसुलीच्या नोकरीत मी जामीनदारांना हेच सुनवायचो, "सही करताना वाचलं नव्हतं का?" तो प्रश्न मला स्वतःला विचारायची वेळ आली.

खासगी पैसा वाईट असतो, एवढाच टोलचा धडा काढला तर तो अर्धाच झाला. मला त्यात तीन गाठी दिसतात. ज्याला दुसरी वाटच नाही त्याच्याकडून वसुली ठेवली. घरापासून मंडईला जाणारा माणूस काही हौसेनं महामार्गावर निघालेला नसतो. करार मोडायची वेळ आली तर किती द्यायचे, हे आधी ठरलेलं नव्हतं, म्हणून मूल्यांकनाच्या समित्या बसल्या आणि आकड्यांवरून रणकंदन झालं. आणि तिसरी गाठ माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी: त्या सगळ्या व्यवहारात कोल्हापूरकर फक्त गिऱ्हाईक होता. भागीदार कुणी केलं नाही त्याला. गिऱ्हाईक चिडलं की दुकान फोडतं, भागीदार चिडला की हिशोब मागतो.

आता इतर शहरांनी काय केलं ते बघा. इंदूरचं पाणी नर्मदेवरून, जलूदहून, सत्तरएक किलोमीटरवरून उपसून येतं. विजेचं बिल डोईजड. तिथल्या महापालिकेनं २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित रोखे काढले, सव्वाआठ टक्के व्याजानं, आणि साध्या माणसालाही अर्ज करता येईल असे. त्या पैशातून ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. म्हणजे फेडीचा आधार काय, तर वाचणारं वीजबिल. नळावर जादा पट्टी बसवून ती फेड करायची नाही. सरांच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडं सापडलं नाही.

आपली काळम्मावाडी थेट पाइपलाइन आठवा. त्रेपन्न किलोमीटरची, २०१३ मध्ये मंजूर झालेली, २०२३ च्या दिवाळीत जिचं पाणी शहरात पोचलं ती. ती बहुतांश अनुदानावर झाली, तिचं कर्ज आपल्या डोक्यावर नाही, हे नशीब. पण उपसा तिथंही आहे, पंपही आहेत आणि विजेचं मीटरही आहे. पुईखडीच्या टेकडीवर आणि जिथं जागा असेल तिथं सौर पॅनेल बसवले तर वर्षाला किती वाचेल, हा आकडा तुमच्या पाणीपुरवठा विभागातला एखादा कनिष्ठ अभियंता दोन दिवसांत काढून देईल. आकडा जमला तर रोखे काढा, नाही जमला तर सोडून द्या. आधी रोखे काढायचे ठरवून मग प्रकल्प हुडकत बसू नका.

असं म्हणतोय त्याला कारण आहे. पुण्यानं २०१७ च्या जूनमध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, दहा वर्षांचे, ७.५९ टक्क्यांनी. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजली, कौतुक झालं, केंद्राकडून प्रोत्साहनाचे २६ कोटीही आले. मग निविदा रद्द झाल्या आणि उभारलेला पैसा काही काळ बँकेत ठेव म्हणून राहिला. कर्ज काढून ठेव! पतसंस्थेत असं करणारा सभासद आला असता तर आम्ही त्याला बसवून चहा दिला असता आणि घरच्यांना बोलावून घेतलं असतं.

गाझियाबादनं २०२१ मध्ये दीडशे कोटी उभारले, ८.१ टक्क्यांनी, सांडपाणी इतकं शुद्ध करायला की ते कारखान्यांना विकता यावं. इथं मी जरा थांबणार आहे, कारण हे आपल्या जिव्हाळ्याचं दुखणं आहे.

कसबा बावड्याला आपलं रोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. दुधाळीचं १७ दशलक्ष लिटरचं वेगळं. पाणी शुद्ध होऊन पुन्हा नदीतच जातं. बावड्याच्या पलीकडं, नदी ओलांडली की शिरोलीची वसाहत. तिथल्या कारखान्यांना पाणी लागतं आणि ते विकत घेतात. तेव्हा बावड्याचं पाणी आणखी एक पायरी शुद्ध करून शिरोलीला विकता येईल का, त्याचा दर काय पडेल, कारखानदार किती वर्षांचा करार करतील, हे विचारून बघायला काय हरकत आहे? कारखानदार नाही म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले, तर त्या प्रकल्पाला स्वतःची कमाई असेल. घरफाळ्याला हात लावायचं कारण उरणार नाही.

पण नदीच्या बाबतीत एक गोम आहे आणि ती त्या हॉलमधल्या पोरग्याच्या पडद्यावर नव्हती. पंचगंगा आपल्याकडून वाहत इचलकरंजीकडं जाते, पुढं शिरोळ तालुक्यातून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आपण सांडपाणी शुद्ध केलं तर फायदा कुणाला? खालच्यांना. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली होती, ते आठवत असेल. म्हणजे खर्च आमच्या घरफाळ्यातून आणि निरोगी पोटं तिकडं. यालाच ते लोक सामाजिक परतावा म्हणत असतील तर तो खरा आहे, मोलाचाही आहे, पण तो गुंतवणूकदाराच्या खात्यात कधीच जमा होणार नाही. कुठलाही फंड त्यासाठी आपण होऊन येणार नाही, आला तर वसुली भलतीकडून करील. अशा ठिकाणी सरकारचा फुकटचा पैसा मध्ये घालावाच लागतो.

तमिळनाडूनं हे फार आधी ओळखलं. १९९६ मध्ये राज्य सरकार आणि तीन खासगी वित्तसंस्था यांनी मिळून नगरविकासाचा एक फंड उभा केला. पुढं २००३ च्या सुमारास पाणी आणि ड्रेनेजसाठी तेरा छोट्या गावांची गरज एकत्र बांधून तीस कोटींचे रोखे काढले. एकेकट्या गावाला बाजारात कुणी उभं केलं नसतं. पण हप्ता चुकला तर आधी राज्याचा राखीव निधी भरणार आणि त्यापलीकडं निम्म्या मुद्दलाची हमी अमेरिकी मदतसंस्थेची, अशी उतरंड लावल्यावर गुंतवणूकदार आले. आपल्या सोसायट्यांत जामीनदार असतो ना, तसंच, फक्त जामीनदार श्रीमंत होता. कोल्हापूर, इचलकरंजी आणि नदीकाठच्या नगरपालिका यांनी मिळून पंचगंगेसाठी असा एक निधी मागावा आणि पहिला तोटा राज्यानं सोसावा असा आग्रह धरावा. हद्दवाढीवरून भांडायला आयुष्य पडलंय. नदीला हद्द नाही.

"फंड, रोखे, हे सगळं आपल्याकडचं नाही," असं कुणी सभागृहात म्हणालं तर त्यांना करवीर तालुक्यातल्या माझ्या गावी पाठवा.

आमच्या वडिलांची सव्वा एकर माळाची जमीन होती. नदी खाली, शेत वर. सत्तरीच्या दशकात गावातल्या लोकांनी उपसा पाणीपुरवठा संस्था काढली. प्रत्येकानं एकरी भाग भरला, उरलेल्यासाठी जमिनी तारण देऊन भूविकास बँकेचं कर्ज काढलं. नदीवर जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, वर पाइपलाइन, मग पाट. ज्या दिवशी पाणी माळावर चढलं त्या दिवशी वडिलांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या, असं आई सांगायची. जोंधळ्याच्या जागी ऊस आला. कारखान्याचं बिल यायचं ते मला अजून दिसतं: पिवळसर कागद, त्यावर कपातीचे रकाने, विकास सोसायटी, पाणीपट्टी, हप्ता, भाग. सगळं कापून खाली उरलेला आकडा. वडील आधी कपाती वाचायचे, उरलेला आकडा नंतर. पैसा कुठं गेला हे कळलं की त्यांना पुरायचं.

भाग तुमचा, पाणी तुमचं, फेड त्याच पाण्यावर आलेल्या पिकातून, आणि हिशोब वार्षिक सभेत तोंडावर. जगात आज ज्याला मोठमोठी इंग्रजी नावं आहेत ते आमच्या गावच्या माळावर होतं.

अर्थात सगळं गोड झालं असं सांगितलं तर मी वसुलीवाला कसला. आमच्या संस्थेचं पुढं बिनसलं. विजेचं बिल थकलं, मोटर जळाली, शेवटच्या शेताला पाणी पोचेना आणि पाणी नाही तर पट्टी का भरू, म्हणून ते लोक अडले. त्यांचं चुकलं नव्हतं. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर राहिला तो राहिलाच. २०२२ मध्ये सरकारनं भूविकास बँकेची कर्जं माफ केली तोवर वडील जाऊन कैक वर्षं झाली होती. तेव्हा भागीदार केलं की सगळं आपोआप सुरळीत होतं, या भ्रमात मी नाही. दुरुस्तीचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा काढला नाही तर उत्तम संस्थेचंही भंगार होतं. तुमच्या प्रस्तावात बांधकामाचा खर्च असेल, व्याज असेल. पंप जळाला तर नवा कुठून, हा रकाना मी सगळ्यात आधी शोधीन.

चेन्नईच्या कडेला अलंदूर नावाची नगरपालिका होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं भुयारी गटार करायचं ठरलं. नगराध्यक्ष गल्लोगल्ली फिरले आणि घरटी पाच हजार रुपये आधी मागितले. पाइपही पडला नव्हता, आणि लोकांनी दिले. उरलेलं तिथल्या फंडाचं कर्ज. सांडपाणी केंद्र खासगी कंपनीनं बांधलं, आणि गटार वापरायला लागल्यावर दरमहा फी. कोल्हापुरात कुणी आज घरटी पाच हजार मागितले तर काय उत्तर मिळेल ते इथं लिहिता येणार नाही. पण अलंदूरकर आपल्यापेक्षा भोळे होते असं मला वाटत नाही. त्यांना खड्डा कुठं खणणार, कधी बुजवणार आणि पैसा कुठल्या खात्यात आहे, हे दारात येऊन सांगितलं होतं.

'सामाजिक परतावा' मोजायचा कसा, यावर सल्लागार नेमले जातील, जाडजूड अहवाल येतील. आमच्या घरात तो मोजायचं साधन स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. सौभाग्यवती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध, गॅस आणि पाणी लिहून ठेवते. २०१९ च्या ऑगस्टचं पान तिनं फाडून टाकलेलं नाही, डब्यात घडी घालून ठेवलंय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३. आम्ही राजारामपुरीत मेहुण्याकडं होतो. उपसा केंद्रंच पुरात गेलेली, त्यामुळं शहराच्या उंच भागातही नळ कोरडे. त्या पानावर पाच चौकोनांत 'टँकर' लिहिलंय, दोन चौकोनांत नुसती फुली. एका चौकोनात '४ कळशा, ओळीत ३ तास' असं बारीक अक्षरात. मेहुण्याची सून सातव्या महिन्यात होती, ती कळशी कुणी उचलली यावरून घरात झालेलं बोलणं कॅलेंडरवर नाही, पण मला पान बघितलं की ते ऐकू येतं.

तुमचा फंड येऊ दे, रोखे येऊ दे, काही येऊ दे. मला त्या पानावरच्या फुल्या किती कमी होतील ते सांगा. पुरात चालू राहील असं उपसा केंद्र उभं राहणार असेल तर त्याला मी सामाजिक परतावा म्हणेन आणि अर्धा टक्का कमी व्याज घेईन. माझ्यासारखे पुष्कळ निघतील. पण पडद्यावर हसणाऱ्या मुलीसाठी अर्धा पैसाही सोडणार नाही.

माझ्या अटी सांगतो. करार सहीच्या आधी मराठीत करा आणि गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट, चारही विभागीय कार्यालयांत महिनाभर ठेवा. सारांश नको, करार. उभारलेला पैसा आणि फेडीचा पैसा वेगळ्या खात्यात राहू दे. पगार थकले म्हणून त्या खात्यात हात घालायचा नाही. करार मध्येच सोडवायचा झाला तर दरवर्षी किती रुपये पडतील याचा तक्ता पहिल्याच दिवशी जोडा, म्हणजे पुन्हा मूल्यांकनाची जत्रा नको. भागीदार खासगी असेल तर त्याच्या परताव्याला वरची मर्यादा घाला. सहकार कायद्याच्या ६७ व्या कलमानं आम्हा संस्थांच्या लाभांशाला १५ टक्क्यांची कमान आहेच, तिच्याखाली इथल्या संस्था मोठ्या झाल्या. त्यावर उरलं तर लोकांना परत द्या. गोकुळ दिवाळीला दुधाचा फरक देतं, तसा पाणीपट्टीत फरक. तो फरक ज्या वर्षी पहिल्यांदा बिलावर दिसेल त्या वर्षी तुमची वसुली मी नोकरीत असताना कधी झाली नव्हती इतकी होईल.

आणि रोखे काढलेत तर त्यातला ठरावीक हिस्सा घरफाळाधारकांसाठी राखून ठेवा, छोट्या रकमेचा. पतसंस्थांना थेट घालता येणार नाही. संस्थेचा पैसा कुठं गुंतवायचा हे कायद्याचं ७० वं कलम ठरवतं, आणि ते बरंच आहे. पण सभासद आपल्या नावानं घालू शकतो. घालताना त्याला एवढंही सांगा की ही बँकेची ठेव नाही, तिला ठेवविम्याचं संरक्षण नाही, पैसा अडकू शकतो. २०१८ मध्ये पायाभूत सुविधांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस ही कंपनी कोसळली तेव्हा तिच्या कागदांना काही आठवड्यांपूर्वीपर्यंत सर्वोच्च मानांकन होतं आणि कित्येकांच्या भविष्यनिर्वाह निधीचा पैसा तिथं अडकला. मानांकनाचं अक्षर दाखवून म्हाताऱ्यांच्या सह्या घेऊ नका.

शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण शंभर वर्षांमागं हाती घेतलं. पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबलं, महाराज १९२२ मध्ये गेले आणि धरण १९५७ ला पूर्ण झालं. तोवर अर्ध्या उंचीच्या भिंतीमागं साठेल तेवढं पाणी लोक वापरत होते. आज आपल्याला इतकं थांबायची गरज नाही, बाजारात पैसा आहे. म्हणून तर हे पत्र लिहितोय, अडवायला नाही.

मुख्याध्यापकांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझा प्रश्न अजून तसाच आहे." तेव्हा तो त्यांच्याच शब्दांत पुढं पाठवतो: बिल कोण भरणार? उत्तर लेखी द्यावं. सभागृहात हा विषय ज्या दिवशी असेल ती तारीख आधी जाहीर करावी, प्रेक्षक सज्जात आम्ही दोघं येऊन बसू. सरांना जिने चढवत नाहीत, एखादी खुर्ची खालीच मिळाली तर बरं होईल.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक घरफाळाधारक
(चालू वर्षापर्यंतचा घरफाळा भरलेला आहे, पावती जवळ आहे.)